समुद्रफूल चालायला लागलं

रुंगकुत, सुराबाया
९ ऑगस्ट २००९

मास पम्बुदी,

समुद्रफूल चालायला लागलं आहे.

खुशाली वगैरे नंतर लिहिते. आधी हे सांगा, ते चालायला लागलं की काय करायचं? इतकी वर्षं ते मोठ्या खडकाच्या खाचेत पाय रोवून बसलेलं होतं. काल सकाळी आपली किनान दप्तर पाठीला लावून माशांच्या टाकीपाशी गेली आणि ओरडली, "बुंदा, ते घरात नाही!" मी शेगडीपासून धावत आले. ते खाच सोडून काचेवर आलं होतं. पायाचा तो गुलाबी तळवा काचेला चिकटलेला, वरचे गोंडे मिटलेले. शाळेतून परत येईपर्यंत ते वीतभर आणखी डावीकडे सरकलं. डावीकडे पंप आहे.

दोन्ही विदूषक मासे वेड्यासारखे करताहेत. त्यातली जाडी मादी, गेंडुत, रिकाम्या खाचेपुढे उभी राहते आणि मधूनच काचेवर डोकं आपटते. किनानला ते बघवत नाही.

तुम्ही फोन उचलत नाही, एसेमेसला उत्तर देत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पेराक बंदरावरच्या एजंटने सांगितलं की तुमचं जहाज बितुंगला लागेल तेव्हा डाकेची पिशवी चढते. त्या पिशवीत हे घालते आहे.

बंदराच्या फाटकापाशी तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. "घर सोडून लोकांचे कपडे शिवत बसतेस. आधी ती टाकी सांभाळून दाखव, मग पोरगी सांभाळायच्या गोष्टी कर. सुराबायाला परत आलो की किनानला तिनुककडे मालांगला ठेवणार." तिनुक तुमची बहीण आहे, चांगली आहे, तिचं घरही मोठं आहे. पण मास, पोरगी म्हणजे काही एका बंदरावरून उचलून दुसऱ्या बंदरावर उतरवायचा माल नव्हे.

असो. भांडायला लिहीत नाहीये. टाकीचं विचारायला लिहिते आहे.

बाकी सगळं ठीक आहे. पाणी ठीक आहे. इबुंची, तुमच्या आईची, तब्येत ठीक आहे. त्या तुमचं नाव काढत नाहीत, पण तुमचा शर्ट अजून दर आठवड्याला इस्त्री करून ठेवतात. किनान ठीक आहे. सगळं ठीक आहे.

रारास


रुंगकुत
२६ ऑगस्ट २००९

मास,

उत्तर नाही. बितुंगहून जहाज निघाल्याचं एजंटकडून कळलं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की पाणी ठीक आहे. ते ठीक नव्हतं. टाकीवरचा थंड करायचा पंखा जुलैतच जळला. नवा आणायचं आज-उद्या करत राहिले, आणि तुम्हाला कळू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या सोडत होते. सकाळी फ्रीजमधून काढायच्या, टाकीत सोडायच्या, दुपारी इबु बदलायच्या. रोजे सुरू झाल्यापासून इबु दुपारी पडून असतात, तर किनान बदलते. ऊन तर तुम्हाला माहीत आहे. पाण्यात हात घातला की पाणी अंगाइतकंच गरम लागायचं. समुद्रफुलाचा तपकिरी रंग उतरत चालला. गोंड्यांची टोकं आधी पिवळट झाली, मग कागदासारखी पांढरी.

शेवटी लाज सोडून माशांच्या दुकानातून को सियोंगला बोलावलं. तो स्कूटरवरून आला, टाकीपुढे उकिडवा बसला, बोट बुडवून चाखलं आणि थुंकला.

"मबाक रारास, तुम्ही मासे पाळताय की लोणचं घालताय?"

"का हो?"

"पाणी कमी झालं की वरून काय घालता?"

"समुद्राचंच. तुमच्याकडून आणलेलं."

"अहो, उडतं ते पाणी. मीठ कुठं उडतं? ते खालीच राहतं. त्यावर तुम्ही आणखी मीठ ओतताय. वरून गोडं पाणी घालायचं, गाळलेलं."

इतकी साधी गोष्ट. तुम्ही कधी सांगितली नव्हती. तुम्ही टाकीपाशी असलात की आम्ही सगळ्यांनी लांब उभं राहायचं, हीच पद्धत होती. को सियोंगने पंखा बदलला, थोडं थोडं करून पाणी बदलायला शिकवलं. एकदम बदललंत तर धक्क्यानेच मरेल, म्हणाला. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधून दिला. समुद्रफूल फिरत फिरत त्या तोंडाशी गेलं तर पंप त्याला ओढून घेतो आणि आत चिंध्या होतात, म्हणाला. आणि किनानला जवळ बसवून त्याचं तोंड दाखवलं, गोंड्यांच्या मधोमध असतं ते.

"हे मिटलेलं आहे ना, तोवर घाबरायचं नाही. अंग आक्रसू दे, चपटं होऊ दे, काहीही करू दे. पण तोंड उघडं पडून लोंबायला लागलं, वास यायला लागला, की त्याच घटकेला बाहेर काढायचं. मेलेलं समुद्रफूल संध्याकाळपर्यंत सगळी टाकी मारतं."

आता किनान उठल्या उठल्या त्याचं तोंड बघते. दात घासायच्याही आधी. मला हे आवडत नाही, मास. पोरीच्या चेहऱ्यावर रोज सकाळी मी तीच भीती बघते, मग ती वळते आणि म्हणते, "मिटलेलं आहे," आणि आम्ही दोघी श्वास सोडतो.

ते खाच का सोडून गेलं तेही कळलं. खाचेला लागून तो लहान दगड आहे ना, तुम्ही मागच्या वर्षी आणलेला, ज्यावर शर्टाच्या बटणांसारखे हिरवट-तपकिरी जीव उगवलेले आहेत? ती बटणं वाढत वाढत खाचेत शिरली. को सियोंग हेल्मेट घालत होता तेव्हा मी फाटकात विचारलं, त्या बटणांचं काय करू? त्याचा फोन वाजत होता. "ती वाढू देऊ नका," एवढं म्हणून, "पुढच्या खेपेला बघतो" असं ओरडत तो गेला.

इबु ओट्यावर बसून ऐकत होत्या.

रारास


९ सप्टेंबर २००९

मास,

घाईत लिहिते आहे. अक्षर वाईट आहे कारण बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून लिहिते आहे.

इबुंना थोडा ताप आहे. रोजे चालू आहेत, वय झालंय, अशक्तपणा येणारच. किनानलाही किंचित सर्दी-खोकला. दोघींना डॉक्टरांना दाखवलं आहे आणि डॉक्टर म्हणाले की काळजीचं कारण नाही. तिनुकचा फोन आला, कुणी तिला काहीबाही सांगितलं असेल, तर तिचं फार मनावर घेऊ नका. तिला राईचा पर्वत करायची सवय आहे.

टाकी ठीक आहे.

तुम्ही यायची घाई करू नका. खरंच नका करू. जहाजाचं काम टाकून येण्यासारखं इथे काही नाही.

रारास


इस्पितळ, सुराबाया
१३ सप्टेंबर २००९

मास,

तिनुकने तुम्हाला कळवलं आहे हे मला कालच समजलं. जहाज ईदच्या सुमारास पेराकला लागतंय हेही. म्हणजे हे पत्र वाटेत मकास्सरला तुमच्या हातात पडेल आणि तुम्ही इथे पोचण्याआधी एकदा तरी माझ्या तोंडून ऐकाल. मागचं पत्र खोटं होतं. ते ज्या बाकावर बसून लिहिलं तो याच इस्पितळातला बाक होता, आणि दाराच्या आत किनानच्या नाकाला नळी लावलेली होती.

आता जसं झालं तसं लिहिते.

सोमवारी मला शिवणाच्या दुकानात उशीर झाला. ईदचे कपडे, एकेकीचं माप बदललेलं, मालकीण सोडेना. घरी पोचले तर अजान व्हायला आली होती. इबु आणि किनान दोघी चटईवर बसून होत्या, पुढ्यात नारळाच्या दुधातली केळी. इबु खोकत होत्या. मी म्हटलं, उन्हाने घसा सुकला असेल. अजान झाली तसा पहिला घोट घेऊन किनान म्हणाली, "बुंदा, पाणी लोखंडासारखं लागतंय." मी तिचा पेला चाखला, मला तर पाणीच लागलं. तिघींनी एकत्र रोजा सोडला, तेच खाल्लं, तेच प्यायलो.

जेवण उरकतं न उरकतं तोच दोघींना थंडी भरली. नुसता काटा नाही, मास. दात वाजत होते, मी दोन-दोन चादरी घातल्या तरी किनानचं अंग चटईवरून उडत होतं. इबुंना श्वास पुरेना. शेजारच्या बु साल्माच्या नवऱ्याने गाडी काढली. गाडीत इबु माझं मनगट धरून एवढंच म्हणत होत्या, "पोरीला आधी बघ. पोरीला आधी."

इस्पितळात विचारलं, काय खाल्लं? केळी कुठली, नारळाचं दूध कुठलं, बर्फ कुठला? सगळ्यांना वाटलं की खाण्यातून झालं. मलाही वाटलं. पण मी तेच खाल्लं होतं आणि मी धडधाकट उभी होते. डॉक्टर नुग्राहेनी म्हणून एक बाई आहेत, त्यांनी हे दोनदा विचारलं. "तुम्ही नक्की तेच खाल्लंत? मग तुम्ही आणि या दोघी, यांच्यात फरक काय?" मी म्हटलं, मी घरी नव्हते.

हे बोलताना मला काय वाटलं ते तुम्हाला कळणार नाही. फाटकापाशी तुम्ही जे म्हणाला होतात तेच मी माझ्या तोंडाने एका परक्या बाईला सांगत होते.

सकाळी कपडे आणायला घरी गेले. दारं-खिडक्या घाईत लावून घेतलेल्या, आत कोंदट. बसायच्या खोलीत आले आणि टाकीकडे लक्ष गेलं. समुद्रफूल जागेवर नव्हतं. एका पंपाला स्पंज होता, पण मागे खडकाआड दुसरा लहान पंप आहे, तो माझ्या ध्यानातच नव्हता. ते तिथे गेलं होतं. अर्धे गोंडे जाळीतून आत ओढले गेलेले, पाणी दुधाळ झालेलं, पंप घरघरत होता. मी पिन उपटली. ते तसंच लोंबत राहिलं. किनानला मी काय सांगू, हाच विचार आधी आला. दोघी इस्पितळात आहेत आणि मला रडू आलं ते त्याच्यासाठी. काय म्हणायचं याला.

मग स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर मोठं पातेलं, झाकण बाजूला. आत तो बटणांचा दगड. पाणी आटलेलं, कडेला चिकट तपकिरी साय. मी वाकून बघितलं. वाकले तेवढंच, आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. लोखंडाची. मग ओठ बधिर व्हायला लागले.

"बुंदा, पाणी लोखंडासारखं लागतंय."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इबुंनी दगड उकळला होता. त्या सगळंच उकळतात, फडकी, पाट्याचा दगड, किनानच्या लहानपणच्या बाटल्या. को सियोंग म्हणाला होता ना, वाढू देऊ नका. पोरगी रोज सकाळी घाबरते ते त्यांना बघवत नव्हतं. मी दुकानात गेल्यावर त्यांनी बटणं मारायला दगड काढला, शेगडीवर ठेवला. किनान शेजारी बसून वाफ बघत होती, हे तिने नंतर सांगितलं. ऊन येतं म्हणून खिडकी लावलेली होती.

मी दार सताड उघडं टाकून बाहेर पळाले. बु साल्माच्या नळावर चुळा भरत सुटले. ती धुणं टाकून आली, "अगं, रोजा आहे ना तुझा? काय करतेस?"

"वहिनी, घरात जाऊ नका. कुणालाच जाऊ देऊ नका."

"का? साप आहे?"

"हवेत आहे," म्हटलं. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पण तिने बाहेरून कडी घातली आणि आपल्या कोंबड्याही आत घेतल्या.

डॉक्टर नुग्राहेनींनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. त्यांनी विषबाधेच्या केंद्राला फोन लावला, मग सागरशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या एका मैत्रिणीला. परत आल्या तेव्हा आवाज बदललेला होता.

"घरात आता कुणी आहे?"

"नाही."

"त्या बटणांत विष असतं. सगळ्यांत नसतं, पण काहींत फार असतं. वाफेतून छातीत जातं."

"मग औषध द्या ना."

"उतारा नाही याला, बु रारास. आपण श्वास सांभाळायचा, सलाईन चालू ठेवायचं, मूत्रपिंडं सांभाळायची. बाकी शरीराने करायचं. पण तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. आम्ही पोटावर इलाज करत होतो."

आज सातवा दिवस. इबु अजून ऑक्सिजनवर आहेत. किनानचा ताप उतरला, पण तिच्या हातात जोर नाही. काल तिने चमचा उचलला आणि तो गळून पडला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तेलकट असेल चमचा. तिने परत उचलला नाही. रक्तात स्नायू झिजल्याच्या खुणा आहेत, वाट बघावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. किती, ते म्हणत नाहीत. मी विचारतही नाही.

को सियोंग तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे घालून घरात गेला. पातेलं आणि दगड डब्यात बंद करून नेले, टाकीतली उरलेली बटणंही काढली, सगळी पाण्याखालीच, खरवडून नाही. बाहेर आल्यावर हातमोजे काढून पिशवीत बांधले. मग म्हणाला, "मबाक, मला वाटलं घरात माहीत आहे. मास पम्बुदींनी दगड नेला त्या दिवशीच मी सांगितलं होतं. उघड्या हाताने धरू नका, सुकू देऊ नका, गरम पाण्याजवळ तर नेऊच नका. मी त्यांना सांगितलं होतं."

मी ते वाक्य तुम्हाला जसंच्या तसं लिहून पाठवते आहे. त्यावर मी काही म्हणत नाही. तुम्ही या, आणि तुम्हीच म्हणा.

रारास


रुंगकुत
४ ऑक्टोबर २००९

मास,

तुम्ही येऊन गेलात. दोन आठवडे मी वाट बघितली की काहीतरी लिहाल. आता मीच लिहिते, कारण इस्पितळातल्या त्या खोलीत काय बोलणं झालं त्याचा तुम्ही तिनुकला आणि सगळ्यांना काही वेगळाच अर्थ सांगाल अशी मला भीती आहे. जे झालं ते असं झालं.

ईदच्या आदल्या दिवशी तुम्ही सलाकची फळं भरलेली पिशवी घेऊन दारात उभे राहिलात. किनान झोपली होती. तिनुक आधीच आलेली, तिच्या पायाशी रिकामी बॅग, किनानचे कपडे भरायला. तुम्ही आईच्या पाया पडलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "दगड कुणी काढला टाकीतून?"

मी तोंड उघडणार तोच इबुंनी नाकावरचा मास्क खाली ओढला.

"मी काढला. उकळलासुद्धा मीच. तुझ्या बाटल्या उकळायचे तसाच."

"आई, पण कुणी सांगितलं होतं तुला..."

"कुणी नाही सांगितलं. तेच तर विचारतेय. कुणी का नाही सांगितलं?"

तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. "को सियोंग बोलला होता काहीतरी. इतकं असेल असं वाटलं नव्हतं."

"मग घरात का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू टाकी ठेवू दिली असतीस?"

मास, मी नंतर किती वेळा या वाक्याभोवती फिरले. तुम्ही रागाने बोलला नाहीत. तुम्हाला ते पटण्यासारखं कारण वाटत होतं. घरात पोरगी रोज टाकीला नाक लावून बसते, आई दिवसभर तिथेच वावरते, आणि तुम्ही तराजूत एकीकडे आम्हाला ठेवलंत आणि दुसरीकडे त्या बटणांच्या हिरव्या रंगाला. मी म्हटलं, "नसती ठेवू दिली." तुम्ही म्हणालात, "बघ."

तिनुकने आपली रिकामी बॅग पायाने पलंगाखाली सरकवली. "मी चहा बघते कुठे मिळतो का," म्हणाली आणि गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने कपड्यांचा विषयच काढला नाही.

मग तुम्ही म्हणालात, "किनान बरी झाली की मालांगला..."

इबु म्हणाल्या, "हां, बोल पुढे."

तुम्ही सलाकची पिशवी पलंगाशी ठेवलीत आणि निघालात. दुसऱ्या दिवशी ईदच्या नमाजानंतर येऊन गेलात, किनानच्या कपाळावर हात ठेवलात, आणि जहाज सुटलं. ते वाक्य अर्धंच राहिलं आहे. मला अर्ध्या वाक्याखाली जगता येत नाही, म्हणून ते मी पुरं करते. किनान बरी झाली की ती इथेच राहील. शाळा इथली, घर हे. इबुही इथेच राहणार म्हणतात, आणि हे मी त्यांना शिकवलेलं नाही. मी दुकानातली नोकरी सोडणार नाही. तुम्हाला पोरीला भेटायला यायचं असेल तेव्हा या, जेवून जा, हवं तर तिला दिवसभर फिरवा. न्यायचं मात्र नाही. कायद्याने बोलायचं असेल तर तसं बोलू. डॉक्टर नुग्राहेनींनी जे कागदावर लिहायचं ते लिहिलं आहे आणि को सियोंग जे सांगायचं ते कुणापुढेही सांगेल.

आता खुशाली. इबु घरी आल्या आहेत. दोन पायऱ्या चढल्या की थांबतात, पण स्वयंपाकघरात मला पाऊल ठेवू देत नाहीत. पातेलं नवं आणलं. त्या दगडाचं नाव निघालं की पदर तोंडाला लावतात आणि म्हणतात, "माझ्या हाताने." मी दर वेळी म्हणते, "तुमच्या हाताने नाही, इबु." त्यांना ते पुरत नाही.

समुद्रफूल जिवंत आहे. मला ते काढून द्यायचं होतं. घरी आल्यावर पहिल्यांदा मी को सियोंगला तेच म्हटलं, सगळं घेऊन जा, काचेसकट. तो म्हणाला, बटणं गेली, आता या पाण्यात तसं काही उरलेलं नाही, पण तुमची मर्जी. मग किनानने ते बघितलं. अर्धंच उरलं होतं, मुठीएवढं, पांढरं, एका बाजूने कुरतडल्यासारखं. तिने काही हट्ट केला नाही. फक्त बघितलं आणि म्हणाली, "मिटलेलं आहे."

म्हणून ठेवलं. दोन्ही पंपांना जाड जाळी बांधली आहे, मी स्वतः शिवली. दुपारी दिवा मंद ठेवते, अंधुक असताना त्याला कमी त्रास होतो. पाणी कमी झालं की गोडं पाणी. रोज थर्मामीटर बघते. ते परत जुन्या खाचेत गेलं नाही, उजवीकडच्या उभ्या खडकाच्या मागे एक कपार शोधली आहे त्याने, आणि तिथे पाय रोवला आहे. रंग परत धरतंय, अगदी बुंध्याशी थोडासा तपकिरी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पोरीच्या बोटांना काहीतरी बारीक काम द्या. तर किनान चिमट्याने कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा धरते आणि त्याच्या गोंड्यांपर्यंत नेते. पहिले दिवस तुकडा वाटेतच पडायचा आणि गेंडुत पळवायची. परवा पोचला. गोंडे हळूहळू वळले, तुकडा आत घेतला. किनानचा हात थरथरत होता पण तिने चिमटा सोडला नाही.

मी दर वेळी हातमोजे घालायला लावते. दर वेळी नंतर साबणाने हात धुवायला लावते, मग पुन्हा एकदा. ती कंटाळते. कंटाळू दे.

मला पूर्वी फार भीती वाटायची, मास. टाकी मेली तर पोरगी जाईल, तुम्हाला कळलं तर पोरगी जाईल, उशीर झाला तर पोरगी जाईल. म्हणून पत्रागणिक लपवत गेले. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, आणि त्यामुळे मी घाबरत नाही. एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

खाली थोडी जागा ठेवली आहे. बोटांना सवय म्हणून किनानला दोन ओळी लिहायला सांगितल्या आहेत. तिने काय लिहिलं ते मी वाचणार नाही, तसं तिला वचन दिलं आहे. अक्षराला हसू नका.

रारास


बापाक,

मी आता पेन्सिल धरते. गेंडुत बरी आहे. मी मालांगला येणार नाही. शाळेला सुट्टी लागली की तुम्ही या. पण एकदम दारात येऊ नका, आधी फोन करा. बेल वाजली की बुंदा मला आत खोलीत पाठवते, कडी लावते, आणि मग दार उघडते.

किनान